सातशेचा शिक्का

हिरामण नाखवा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते, आणि मी त्यांना अरे-तुरे करत असे. ते मला 'सर' म्हणायचे आणि 'तुमी' म्हणायचे. यात काही चुकतंय असं तेव्हा मला एकदाही वाटलं नाही. मी शिकवणारा, ते शिकणारे; मी पनवेलच्या कापड बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासचा मालक, ते बंदराजवळच्या कंटेनर यार्डातले मेकॅनिक. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हात आपोआप 'ते' लिहितो. तोंडाला मात्र ते वेळेवर कधी जमलं नाही.

दोन हजार एक-दोनचा सुमार असेल. भांड्यांच्या दुकानाच्या वर, लाकडी जिन्याने चढून गेलं की माझा क्लास. सहा कॉम्प्युटर, एक पंखा, भिंतीवर कीबोर्डचं मोठं चित्र. सकाळी कॉलेजची मुलं यायची, दुपारी बँकेत लागू पाहणाऱ्या मुली. अशा एका दुपारच्या बॅचमध्ये एक चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस येऊन दाराशीच उभा राहिला. चपला त्याने खाली जिन्याच्या पायथ्याशी काढल्या होत्या. केस ओले, अंगाला साबणाचा वास. यार्डातून पहिली पाळी सुटली की ते आधी गव्हाणला घरी जात, अंघोळ करत आणि मगच क्लासला येत. घरात मासळीचा धंदा होता. आपल्याला वास येत असेल ही धास्ती त्यांनी कधी सोडली नाही. खरं तर त्यांना कसलाच वास येत नसे. पण शेजारच्या मुलीने खुर्ची थोडी सरकवून घेतली की ते स्वतःच आणखी हातभर सरकायचे.

यार्डात ते 'रीफर' बघायचे. रीफर म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर. कोळंबी, द्राक्षं, औषधं असा माल आत असतो, आणि बोट लागेपर्यंत तो ठरलेल्या गारव्यात राहावा लागतो. तिथे नवा कॉम्प्युटर आला होता आणि साहेब म्हणाले होते, आता तापमान यातच भरायचं. म्हणून हिरामण शिकायला आले. इंग्रजी अक्षरं ते सावकाश, एकेक करून वाचत. माऊस मात्र त्यांच्या जाड बोटांत अगदी हलका राही. लहानपणी जाळी विणली होती, त्यामुळे बोटांना घाई नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सहा नंबरचा कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे बंद पडला. तो रोजच पडायचा. मी व्हायरस म्हणायचो आणि पुन्हा चालू करायचो. हिरामण उठले, पेटीच्या पाठीमागे उलटा तळहात धरून थोडा वेळ उभे राहिले.

"सर, हिचा व्हायरस नाय. हिचा दम कोंडलाय."

"म्हणजे काय?"

"हवा बायेर येत नाय. खोलू?"

मी खोलू दिलं, मुलांसमोर नाही म्हणवेना म्हणून. आत प्रोसेसरवरचा पंखा धुळीने लिंपला होता. त्यांनी रंगाचा ब्रश मागवला आणि वीस मिनिटं एकेक पातं साफ केलं. त्यानंतर तो कॉम्प्युटर कधी बंद पडला नाही. मी वर्गाला सांगितलं, "बघा, मेंटेनन्स किती महत्त्वाचा असतो." जणू मीच सांगून करून घेतलं होतं. हे अगदी पहिलं. तेव्हापासूनच सवय लागली असावी.

माझा एक छंद होता, त्या काळातल्या पुष्कळ कॉम्प्युटरवेड्यांचा होता तोच. प्रोसेसरवर कंपनीने लिहिलेला वेग असतो, त्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणत. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आकडे वाढवायचे, व्होल्टेज किंचित चढवायचं, मशीन टिकतं का बघायचं. टिकलं तर आणखी थोडं. सायबर कॅफेत बसून मी परदेशातल्या लोकांचे आकडे वाचायचो आणि रविवारी क्लास बंद असताना आपल्या मशीनवर ते करून बघायचो. दर वेळी मशीन तापून अडकायचं आणि मी पंखा मोठा आणायचो.

हे एकदा मी हिरामणना सांगितलं, थोडा रुबाब करायला. ते ऐकत राहिले. मग माझ्या हातातला प्रोसेसर त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

"हिच्याव सातशे लिवलाय."

"हो. सातशे मेगाहर्ट्झ."

"आन हिची बहीन नऊशेची?"

"हो. बनतात एकाच कारखान्यात. चाचणी घेतात आणि शिक्का मारतात. पण कधी कधी मागणी सातशेची जास्त असते, मग चांगल्यालाही सातशेचाच शिक्का मारून विकतात."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला आजही दिसतो. "म्हंजे शिक्का मारनाऱ्याला घाई व्हती," ते म्हणाले. "हिला कोनी इचारलाच नाय तुला किती जमता म्हनून."

त्या रविवारपासून ते येऊ लागले. दुपारी जेवून यायचे, संध्याकाळी दिवेलागणीला निघायचे. दोन वर्षांत फार थोडे रविवार चुकले असतील.

त्या जातीच्या प्रोसेसरची एक गंमत होती. त्याच्या अंगावर, अगदी बारीक, तोडलेल्या तारांच्या टोकांसारखे ठिपके असत. कंपनीने ते मुद्दाम तोडलेले, म्हणजे वेगाचं कुलूप लावलेलं. ते ठिपके साध्या शिसपेन्सिलीने जोडले की कुलूप उघडायचं. पेन्सिलीतल्या शिशातून वीज जाते, एवढंच त्याचं रहस्य. मी तीनदा प्रयत्न केला होता, तिन्ही वेळा रेघ शेजारच्या ठिपक्याला लागली होती. हिरामणनी माझी पेन्सिल हातात घेतली, कागदावर एक रेघ ओढली आणि परत दिली. "ही फिकी हाय. चित्रं काढायची काली आना." कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून मी गडद पेन्सिल आणली. त्यांनी ब्लेडने तिला सुईसारखं टोक काढलं, श्वास धरला आणि चार रेघा मारल्या. मशीन चालू केलं. सातशेचं हजार दिसलं तेव्हा मी ओरडलो. ते ओरडले नाहीत. पेटीच्या मागे उलटा तळहात धरून उभे होते.

त्यांची एक वही होती, शाळेतली, दोनशे पानी. आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक प्रोसेसरचं तीत पान. त्यांना ते नावं द्यायचे, होड्यांना देतात तशी. जलपरी, दर्यादौलत, एकवीरा कृपा. खाली मराठी आकड्यांत तारीख, वेग, व्होल्टेज, खोलीतला उकाडा, आणि शेरा. 'वाऱ्याला चांगली.' 'जास्त ओढली की रुसते.' मशीन अडकलं की मी चरफडायचो, पुन्हा पुन्हा बटण दाबायचो. ते म्हणायचे, "दमली. जरा बसू द्या तिला." आणि खरंच, दहा मिनिटं बसू दिली की ती चालायची.

जलपरी सगळ्यांत चांगली होती. ती त्यांची स्वतःची. मुंबईला जाऊन, दुकानदाराच्या ट्रेमधली दहा-बारा निरखून त्यांनी निवडून आणलेली. त्या प्रोसेसरचं काळीज उघडं असे, मध्यभागी नखाएवढा काचेसारखा चौकोन, आणि त्यावर पंख्याचा जड ठोकळा दाबून बसवावा लागे. एका रविवारी मी उतावळेपणाने तो एका बाजूनेच दाबला. कट्ट असा अगदी लहान आवाज झाला. चौकोनाचा कोपरा उडाला होता. जलपरी संपली.

मी म्हणालो, "या ठोकळ्याची क्लिपच वाकडी आहे."

त्यांनी ठोकळा उचलला, क्लिप पाहिली. क्लिप सरळ होती. "व्हय," ते म्हणाले, "वाकडीच असंल." मग वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. ते चहा सांगायला खाली गेले तेव्हा मी वाचलं. 'जलपरी. बुडाली. कोणाचा दोष नाही.'

बर्फाची कल्पना पूर्णपणे त्यांची. हे मला सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं, कारण याच एका गोष्टीवर माझं पुढचं आयुष्य उभं राहिलं. पंखे कितीही मोठे लावले तरी पनवेलच्या उकाड्यात खोलीतली हवाच गरम. एके दिवशी ते म्हणाले, "सर, आमी मासलीवर पंखा लावतो का? बर्फ घालतो." माझ्या डोळ्यांसमोर बर्फाचं पाणी आणि पेटलेलं मशीन आलं. ते हसले. "गारव्याचा वैरी गरमी नाय, सर. गारव्याचा वैरी पानी हाय. गार वस्तूला दव धरता. त्याचा बंदोबस्त आधी, बर्फ मागून."

पुढचे पाच रविवार त्यांनी फक्त दवाचा बंदोबस्त केला. प्रोसेसरच्या खालची खाच व्हॅसलीनने भरली. भोवती, थंड नळांवर चढवतात तसलं काळं स्पंज नीट कापून चिकटवलं. तांब्याचा एक जाड तुकडा घासून आरशासारखा केला, त्याला आतून वाट पाडली, दोन नळ्या जोडल्या. नळीतून गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो कूलंट छोट्या पंपाने फिरवायचा. त्याच नळीचं वेटोळं मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फ आणि खडेमिठात बुडवायचं. मीठ घातल्यावर बर्फ शून्याच्याही खाली जातो हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना ते आईच्या टोपलीतून माहीत होतं. पहिल्यांदा चालवलं तेव्हा 'दर्यादौलत' अकराशेच्या वर गेली. मी टेबलावर थाप मारली. ते म्हणाले, "टेबल नका हलवू."

त्याच सुमारास मुंबईत एका हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यात स्पर्धा होती. स्वस्तातल्या प्रोसेसरचा वेगळा गट. पाय या संख्येचे लाखो दशांश अंक काढणारा एक प्रोग्राम चालवायचा, तो पूर्ण होईस्तोवर मशीन टिकलं पाहिजे, आणि ज्याचा वेग जास्त तो पहिला. अर्ज इंग्रजीत होता. मी भरला. नावाच्या रकान्याशी आल्यावर मी विचारलं, "एकच नाव लिहायचंय. काय करू?"

"तुमचाच टाका," ते म्हणाले. "मना तिथं कोन इचारनार?"

मी एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला काय हरकत होती?

त्यांच्या मेव्हण्याचा मासळीचा टेम्पो होता. त्या रविवारी सकाळी त्यातून आम्ही गेलो. त्यांनी आदल्या दिवशी टेम्पो आतून तीनदा धुतला होता. अंगात नवा पांढरा शर्ट, घड्या मोडलेल्या नव्हत्या. मांडीवर मशीन धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला ते उचलून धरायचे.

हॉलमध्ये एसी होता. तिथली मुलं काळ्या टी-शर्टातली, त्यांचे पंखे निळ्या दिव्यांचे. आमची थर्माकोलची पेटी आत आली तेव्हा दोघं-तिघं वळून बघू लागले, एकाने नाकाला रुमाल लावला. पेटीला वास होता की नव्हता, मला आठवत नाही. पण माझे कान तापले होते. हिरामण गुडघ्यांवर बसून नळीची क्लिप आवळत होते तेवढ्यात कोट घातलेले आयोजक आले. सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचे मोठे साहेब. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, मांडणी बघून भुवया उंचावल्या आणि खाली बोट दाखवून विचारलं, "और ये कौन हैं?"

मी म्हणालो, "हेल्पर है सर. बर्फवाला."

प्रश्न मला विचारला होता, माझ्यापाशी दोन वर्षांचे रविवार होते, आणि तोंडातून हे आलं. आधी ठरवलेलं नव्हतं. ठरवून बोललो असतो तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

हिरामणचा हात क्लिपवर थांबला नाही. त्यांनी ती आवळली, उठले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, पंप चालू करू?"

यापूर्वी त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. पंप केव्हा चालू करायचा हे मला माहीतच नव्हतं. पण त्या क्षणापासून ते प्रत्येक गोष्ट मला विचारून करू लागले. "सर, मीठ टाकू?" "सर, आता वाढवायचा का?" मी मान हलवायचो. त्यांना जे करायचं होतं तेच ते विचारत होते, आणि सगळ्यांदेखत ते माझं होत होतं. मी दिलेली भूमिका त्यांनी माझ्यापेक्षा चांगली वठवली. आम्ही आमच्या गटात पहिले आलो. माईक हातात आल्यावर मी उष्णतेच्या वहनावर तीन-चार वाक्यं बोललो. दवाबद्दलही बोललो. "गारव्याचा खरा शत्रू पाणी आहे," असं मी म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना टेम्पोत त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. "जेवा सर. सकालपासून काय खाल्ला नाय तुमी." वाशीचा पूल येईपर्यंत ते फक्त मशीनबद्दल बोलले. शेवटी शेवटी एका कोपऱ्यात दव धरायला लागलं होतं, ते कुणाला दिसलं नाही, आणखी पाच मिनिटं लागली असती तर खेळ संपला होता. मी "हो ना" म्हणत राहिलो.

महिन्याभराने एका मासिकात फोटो आला. माझ्या हातात ढाल, शेजारी ते साहेब, आणि डाव्या कडेला पांढऱ्या बाहीतलं एक कोपर. हिरामण फोटोत तेवढेच होते. मी मासिक दाखवायला कचरत होतो, पण त्यांनीच मागून घेतलं. बराच वेळ बघितलं आणि हसले. गव्हाणला लागूनच कोपर नावाचं गाव आहे. ते म्हणाले, "बगा सर, गव्हान नाय आला, पन कोपर आला!" मीही हसलो. एवढं मोठ्याने हसायची गरज नव्हती.

त्या साहेबांनी मला नोकरी दिली. वाशीच्या ऑफिसात, टेक्निकल मॅनेजर. मी क्लास बंद केला. शेवटच्या रविवारी हिरामणनी पेढे आणले. मला नोकरी लागली म्हणून त्यांनी पेढे आणले, मी त्यांच्यासाठी काही आणलं नव्हतं. त्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेटसुद्धा द्यायचं राहून गेलं होतं. "देतो, पाठवून देतो," मी म्हणालो. आमचे रविवार तिथे संपले.

दीड-दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. यार्डात रीफर सुपरवायझरची जागा निघाली होती. सगळं काम कॉम्प्युटरवर, आणि कंटेनरमधल्या गारव्याची बारीक माहिती हवी. ती त्यांच्याइतकी तिथे कुणालाच नव्हती. पण यार्डातले साहेब म्हणाले होते, कागद पाहिजे. "एकांद्या कंपनीच्या लेटरहेडवर लिवून आन म्हनतात, का तुला ह्ये येता. तुमी ती स्पर्धेची हकिगत लिवा सर. म्या काय काय केला ती. बाकी काय नको."

"ये की," मी म्हणालो. "शुक्रवारी ये. अकराला."

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे बाहेरचे पाहुणे आले. साहेब त्यांना ऑफिस दाखवत होते. माझ्या केबिनशी आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ती बर्फाची गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांना सांगत. माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती म्हणून सांगत, आणि मी दर वेळी थोडं लाजल्यासारखं करायचो. त्यांचं बोलणं चालू असतानाच माझ्या टेबलावरचा फोन वाजला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, मिस्टर नाखवा आलेत. गव्हाणहून."

केबिन काचेची होती. सोफ्याच्या अगदी टोकाला, बाहेरच्या दाराकडे तोंड करून, ते बसले होते. तोच पांढरा शर्ट, आता जुना झालेला. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही. त्यांनी काय काय केलं ते मला लिहायचं होतं ना, म्हणून आणली असणार, तारखांसकट.

मी फोनमध्ये हळूच म्हणालो, "साइटवर गेलेत म्हणून सांग."

मला वाटलं ते उठून जातील. ते बसून राहिले. मुलीला बहुधा म्हणाले असतील, येतील तवा येतील. पाहुणे बाराला गेले. मी तेव्हा बाहेर जाऊ शकलो असतो. पण आता एक तास आत बसून कसं बाहेर यायचं, असं वाटलं. मग दीड तास झाला, आणि ते आणखी अवघड झालं. पत्र लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण खरं लिहिलं असतं तर आमच्याच लेटरहेडवर, खाली माझ्या सहीने, ती युक्ती माझी नव्हती असं लिहिलं गेलं असतं. खोटं, गुळगुळीत काहीतरी लिहून द्यावं, तर समोर वही घेऊन ते बसलेले. मी संगणकाच्या पडद्यामागे मान खाली घालून बसलो. एकदा त्यांनी उठून कुंडीतल्या झाडाचं पान बोटांनी चाचपून पाहिलं, खरं आहे की प्लास्टिकचं, आणि परत बसले.

दीडच्या सुमाराला मी मागच्या दाराने निघालो. मागचा जिना पार्किंगमध्ये उतरतो. उतरलो आणि समोर हिरामण. ते पाणी प्यायला खाली आले होते, वॉचमनच्या माठापाशी उभे होते, हातात ग्लास. आमच्यात वीस पावलांचं अंतर. त्यांनी मला पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं.

आणि त्यांनीच आधी तोंड फिरवलं. वॉचमनला काहीतरी विचारू लागले, माझ्याकडे पूर्ण पाठ करून. मी निघून जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले, मला सवड द्यायला. मी ती घेतली. रिक्षात बसलो आणि गेलो. त्यांचा पुन्हा फोन आला नाही.

त्यानंतरची वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. नोकरीत वर चढलो. पेन्सिलीने उघडणारे प्रोसेसर बंद झाले. नंतरचे प्रोसेसर आपले आपणच हवा तेवढा वेग वाढवून घेऊ लागले आणि आमच्या छंदाचं कौतुक संपलं. मग मोबाईलवर जुन्या लोकांचे गट निघाले. अशाच एका गटावर कुणीतरी तो मासिकातला फोटो टाकला. लोक मला उद्देशून लिहू लागले, 'केळकर, काय दिवस होते यार!' 'बर्फाचा बादशहा!' खाली पन्नास जणांचे अंगठे. प्रत्येक जण आपापला पहिला प्रोसेसर आठवून हळवा झाला होता. मी फोटो मोठा करून डावी कड बघितली. फोटो टाकणाऱ्याने तो चौकोनी कापला होता. कोपरही गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गव्हाणला गेलो. साधारण बारा वर्षांनी. खाडीकडच्या बाजूला भराव पडला होता, डंपर धूळ उडवत जात होते, पण कोळीवाड्यातलं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. अंगणात मासळीवाल्या बायकांचे तीन-चार डीप फ्रीजर उघडे पडले होते आणि त्यांच्यामध्ये पाटावर हिरामण बसले होते. केस पांढरे, चष्मा. यार्डातून ते वेळेआधीच बाहेर पडले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"सर! आवं या, या. यमुना, बग कोन आलाय."

मी म्हणालो, "हिरामणदादा, कसे आहात तुम्ही?" ते किंचित थांबले, जणू मी दुसऱ्याच कुणाशी बोललो, आणि खुर्ची पुसू लागले.

त्यांच्या बायकोला मी पहिल्यांदाच पाहत होतो. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि तोंडभर हसल्या. "तुमीच काय त्ये सर? यांनी किती सांगितलाय तुमचा! हापिसान खुर्चीव बसवून चा पाजलात, समद्यांना वलक करून दिलीत, माझा गुरुभाव म्हनून. आन खाली गेटापरत सोडायला आल्लात. आवं, येवढा मोठा साहेब, आन कोल्याला गेटापरत सोडायला येतो!"

मी हिरामणकडे पाहिलं. ते एका फ्रीजरच्या आत वाकून खुडबुड करत होते.

"पत्र पन दिलावतात तुमी," त्या पुढे म्हणाल्या. "चांगला लिवलावतात म्हनं. पन त्या यार्डातल्या सायबाला नाय पटला. दुसराच पोर घेतला डिप्लोमावाला, आन वर त्याला शिकवला यांनीच. तुमी तरी काय करनार? तुमी तुमचा केलात. व्हय ना, सर?"

फ्रीजरमधला आवाज थांबला होता. हिरामणनी डोकं वर काढलं नव्हतं, पण हातही हलत नव्हते.

हे खरं सांगायलाच तर मी आलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती. आणि आता ती बोललो तर माझं काय व्हायचं ते होईल, पण बारा वर्षं या बाईला सांगितलेली गोष्ट तिच्याच अंगणात खोटी पडेल आणि खोटं बोलणारे ठरतील ते. असा विचार मी खरंच त्या क्षणी केला, की नंतर घरी येऊन केला, हे मला आता नक्की सांगता येत नाही. मी म्हणालो, "हो, वहिनी."

आतला आवाज पुन्हा सुरू झाला.

चहा झाला. बोंबील सुकवलेले होते, त्यांनी कागदात बांधून दिले, नको म्हणू दिलं नाही. हिरामण मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. वाटेत ते भरावाबद्दल बोलले, मासळी कमी झाली त्याबद्दल बोलले. मी दोनदा सुरुवात केली. दुसऱ्यांदा म्हणालो, "त्या शुक्रवारी मी वरच—"

"सर, रिक्शा आली," ते म्हणाले, आणि हात करून ती थांबवलीसुद्धा. मग ड्रायव्हरकडे वाकून, "पनवेलला जायचाय. नीट ने रं, आमचे सर हान."

मी बसलो. मागे वळून पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते. समोरून डंपर येत होता, त्याच्या धुळीपासून डोळे वाचवायला त्यांनी एक हात वर धरला होता. मला वाटलं, निरोपाचा हात आहे, म्हणून मीही हात वर केला. डंपर मध्ये आला.

पुढे गेल्यावर ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "तुमच्याकडं शिकलेत का ओ नाखवा?"

गव्हाण फाटा आला तेव्हा म्हणालो, "नाही. मी शिकलो त्यांच्याकडे."

पण तोवर त्याने टेप चालू केला होता. "काय?" तो ओरडून म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो.